पन्नासावर भरलेली टेप

तुमच्या घरी आजोबांच्या वाढदिवसाला जो आवाज लावतात, तो आजोबांचा आवाज नाही. शब्द त्यांचे आहेत, आवाज नाही. हे मी फार पूर्वीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही तेही आज लिहिते आहे. तुमच्या बाबाने हे तुम्हाला वाचून दाखवावं. सावकाश वाचावं.

मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. क्रमाने सांगायची सवय आहे. म्हणून आधी हर्ट्झ.

मागच्या महिन्यात तुमच्यातली मोठी व्हिडिओ फोनवर माझ्याशी बोलत होती. मी इकडे जबलपूरला, राइट टाउनच्या घरात ट्यूबलाइटखाली बसले होते. ती मधेच म्हणाली, "आजी, तुझ्या मागे भिंतीवर काळे पट्टे चालून राहिले. फोन खराब आहे?"

"फोन चांगला आहे. दिव्याचं आणि फोनचं जमत नाही, एवढंच."

आमचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना ते कळत नाही. फोन मात्र तुमच्या बाबाने तिकडून आणलेला, तिकडच्या साठ हर्ट्झच्या हिशोबाने चित्रं टिपणारा. शंभर आणि साठ यांचे ठोके जुळत नाहीत, म्हणून पट्टे. एवढं सांगितल्यावर ती म्हणाली, "माझा नवीन स्क्रीन वन फॉर्टी-फोर हर्ट्झचा आहे. आधीचा सिक्स्टी होता."

"म्हणजे सेकंदाला एकशेचव्वेचाळीस चित्रं."

"तुला कसं माहीत?"

"तुझे आजोबा पन्नास सांभाळायचे."

"पन्नास काय?"

तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते. हर्ट्झ म्हणजे एखादी गोष्ट सेकंदाला किती वेळा होते, ती संख्या. पडद्याचे हर्ट्झ म्हणजे चित्र किती वेळा नवं होतं. ते तुम्ही विकत घेता, आणि जितके जास्त तितकं खेळताना बरं. विजेचे हर्ट्झ तसे नाहीत. तारेतली वीज पुढे-मागे होत असते. आपल्याकडे सेकंदाला पन्नास वेळा, तुमच्याकडे साठ वेळा. तो आकडा सगळ्यांचा मिळून एकच असतो. इथल्या कांचघर मोहल्ल्यातल्या पिठाच्या चक्कीत जेवढे, तेवढेच आमच्या दिव्यात, तेवढेच दूरच्या धरणावरच्या यंत्रात. कुणाला वेगळे मागता येत नाहीत. कमी झाले तर वाईट, जास्त झाले तरी वाईट.

तुमचे आजोबा विजेच्या खात्यात, राज्यभरचा भार वाटणाऱ्या खोलीत नोकरीला होते. सगळे तिला कंट्रोल रूम म्हणत. आमचं मूळ विदर्भाचं. माझे वडील इथे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होतं. पुढे राज्यं नव्याने आखली, नागपूर पलीकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आजोबा दोन्ही एकाच वाक्यात बोलत.

त्यांच्यासमोर भिंतीवर एक काटा होता. तो पन्नासावर ठेवणं हे त्यांचं काम. मला त्यांनी ते लग्नानंतर पहिल्याच वर्षी समजावलं होतं. म्हणाले, जात्यात मूठभर दाणे जास्त पडले की दळणारीचा हात जड होतो, जातं हळू फिरतं. संध्याकाळी सगळ्या गावांत एकदम दिवे लागले की धरणावरच्या यंत्रांचंही तसंच होतं. काटा एकोणपन्नासावर येतो, मग त्याच्याही खाली. दाणे कमी नाही केले तर यंत्रं एकामागून एक बंद पडतात आणि सगळ्या राज्यात अंधार होतो. म्हणून थोड्यांचा अंधार करायचा. इथून सबस्टेशनला फोन जायचा, आणि एका मोहल्ल्याची वीज तासभर बंद व्हायची.

कुणाची कधी बंद करायची याची यादी आजोबांनीच तयार केली होती. आज राइट टाउन, उद्या कांचघर, परवा आमची वसाहत. आमच्या वसाहतीत खात्यातलेच लोक राहत. त्यातल्या बायका मला म्हणत, "भाभीजी, साहब से कहिए ना, अपना नंबर थोड़ा नीचे कर दें." मी एकदा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "काहून? आपल्या घरात काय राजा राहून राहिला?"

आता टेपचं यंत्र.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत शिकून परत आला, तेव्हा त्याने एक टेपरेकॉर्डर आणला. मोठा, दोन चाकांचा, उचलायला दोन माणसं लागत. तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची, आपली दोनशेतीसची. म्हणून खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थाने मधे लावायला एक जड डबा तयार करून दिला, व्होल्ट कमी करणारा. भावाने तिकडून भरून आणलेली गाण्यांची टेप लावली, आणि गाणारी बाई झोपेत असल्यासारखी गाऊ लागली.

भावाचा चेहरा पडला. "बोटीवर आदळला असणार."

"आदळला नाही," आजोबा म्हणाले. "तुझा डबा व्होल्ट बदलते, हर्ट्झ नाही बदलत. ह्याची मोटर साठावर पळणारी आहे. इथे पन्नासावर पळून राहिली. चालेल तेवढंच."

"म्हणजे भंगारच ना, भाऊजी?"

"काहून भंगार? इथे भरायचं, इथेच ऐकायचं. भरताना पण हळू, ऐकताना पण हळू. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात."

आणि खरंच, इथे भरलेलं इथे ऐकलं की अगदी बरोबर वाटे. तुमच्या बाबाने पाढे भरले, आत्याने प्रार्थना भरली. पुढे बाबा कॉलेजला गेला, मग अमेरिकेला गेला, आत्याचं लग्न झालं. यंत्रावर मी भरतकामाचं आच्छादन टाकून ठेवलं.

बाबा अमेरिकेला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी आजोबांचा आवाज बसला. खोकल्याची औषधं झाली, गुळण्या झाल्या. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी घशात पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस जगेल, आवाज राहणार नाही. परत येताना गाडीत इटारसीच्या आसपास त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "घरी गेल्यावर त्या मशीनवरचा रुमाल काढ."

ऑपरेशनला जायच्या आदल्या संध्याकाळी टेप भरायचं ठरलं. मी सामान बांधत होते. नागपूरला दोन आठवडे राहायचं होतं. माझी यादी तयार होती आणि एकेका गोष्टीपुढे मी खूण करत होते. सहाच्या सुमारास फोन वाजला. कंट्रोल रूममधून त्यांच्या हाताखालच्या माणसाचा होता. आजोबांचा आवाज तेव्हा घोगरा झाला होता, पण आवाजच होता.

"सर, आज आपकी कॉलोनी का नंबर है. मैं छोड़ देता हूँ. कल करा दूँगा."

"क्यों?"

"सर, कल आप जा रहे हैं."

"लिस्ट किसने बनाई थी?"

"आपने ही, सर."

"तो फिर?"

मी शेजारीच उभी होते. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "अहो, एक दिवस. एकच दिवस सोडा म्हणायला काय झालं?"

"आपली सोडली तर कोणाची तरी जास्तीची जाईल. कोणाची, ते सांग. मी फोन करून त्यांना कळवतो."

मी रागाने आत गेले आणि धोतरांच्या घड्या मोजू लागले. मला वाटलं, अजून वेळ आहे, तोवर टेप होऊन जाईल.

ते यंत्रासमोर बसले. तुमच्या बाबाशी बोलले, ते तुम्ही ऐकलंच आहे. पत्रात हवामान लिहू नको, ते आम्हाला वर्तमानपत्रात दिसतं. काय जेवतो ते लिही. तिकडच्या थंडीत डोक्याला टोपी घालत जा, फॅशन गेली चुलीत. मग आत्याशी बोलले. सासरी सगळ्यांशी गोड बोल, पण खोटं बोलू नको. बोलता बोलता पंखा मंदावला. आमच्याकडे पंखा मंदावला की सगळ्यांच्या आधी आजोबांना कळे. टेपवर तेही आहे: "पहा, काटा पडून राहिला. आता फोन जाईल."

मग ते म्हणाले, "आणि तुमच्या आईला मी…"

तिथे वीज गेली. टेपवर शेवटी जो चिरका आवाज येतो, ज्याला तुम्ही लहानपणी सगळ्यांत जास्त हसायचा, ती बंद पडत चाललेली मोटर आहे.

आता जे लिहायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या बाबालाही नाही.

अंधारात ते बोलायचे थांबले नाहीत. मशीन बंद झालं आणि ते माझ्याकडे वळून तेच वाक्य पुढे बोलू लागले. मी टॉर्च लावली होती. खाटेवर दवाखान्याचे कागद पसरले होते. एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, खात्यातून मिळालेलं पत्र. ते मी यादीशी ताडून पाहत होते, कारण सकाळी गाडी होती आणि एक कागद सापडत नव्हता. ते बोलत होते. बराच वेळ बोलले. मधे त्यांनी विचारलं, "ऐकून राहिली ना?"

"हो हो, बोला तुम्ही."

मला त्यातलं काय आठवतं ते सांगते. पहिल्या घराचं काहीतरी होतं, जिथे नळ अंगणात होता. मी शाळेत नोकरी धरली त्या दिवसाचं काहीतरी होतं. "मी तेव्हा बोललो नाही, पण…" असं एक होतं. त्या "पण"च्या पुढे काय होतं ते मला माहीत नाही. तो कागद त्याच वेळी सापडला.

वीज आली. मी म्हणाले, "चला, आता बोला, मशीन सुरू करते."

ते म्हणाले, "एकदा बोललो ना. झालं."

मग शेजारचे लोक भेटायला आले, चहा झाला, जेवणं झाली. सकाळी आम्ही गाडी धरली.

निघण्याआधी मी टेप डब्यात घातली आणि डब्यावर चिठ्ठी लावली. कोणाचा आवाज, कोणती बाजू, मशीनवर वेग कोणता लावला होता, सगळं लिहिलं. आजोबा दारात बूट घालत होते. त्यांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "पन्नासावर भरली, ते पण लिही." मी म्हणाले, आल्यावर लिहिते, गाडी चुकेल. ती टेप हे घर सोडून कुठे जाणार आहे, असं मनात होतं.

ऑपरेशननंतर ते पाच वर्षं जगले. गळ्याजवळ एक भोक, आणि हातात पाटी. तुमच्या बाबाच्या शाळेतली. कामावरही गेले काही दिवस. तिथे बोलायचं काम जास्त, म्हणून मग कागदाचं काम दिलं. घरी पाटीवर लिहीत. "मीठ कमी." "पोस्टमन आला." एकदा, वर्षभर धीर गोळा करून, मी विचारलं की त्या संध्याकाळी मला काय सांगत होता. त्यांनी पेन्सिल उचलली आणि लिहिलं, "विसरलो." लगेच पुसलं. ते काहीच विसरत नसत. आमच्या वसाहतीचा नंबर कोणत्या वारी कितवा, तेही त्यांना शेवटपर्यंत पाठ होतं.

ते गेल्यावर मी सरकारी क्वार्टर सोडलं आणि या राइट टाउनच्या घरात आले. यंत्राचे पट्टे सडले होते. ते भंगारवाल्याने नेलं. टेप मी ठेवली, आणि तुमच्यातली मोठी जन्मली तेव्हा अमेरिकेला घेऊन आले. बाबाने ती एका दुकानात नेऊन कॉम्प्युटरमध्ये घालून आणली. डब्यावर जो वेग लिहिला होता, दुकानदाराने तोच लावला. चूक त्याची नाही. त्या वेगाला लावलेलं मशीन आपल्याकडे हळू चाललं होतं, हे चिठ्ठीवर नव्हतं. तेव्हा हळू भरलेली टेप तिकडे पुऱ्या वेगाने पळाली, आणि आजोबा पातळ, उंच आवाजात, घाईघाईने बोलू लागले.

बाबाने माझ्याकडे पाहिलं. "टेप जुनी झाली की असंच होत असेल, नाही आई?"

मी म्हणाले, "असेल."

मला पहिल्याच शब्दाला कळलं होतं काय झालं ते. पण पन्नास-साठ सांगायचं तर ती संध्याकाळ सांगावी लागली असती. बाबाने विचारलं असतं, वाक्य पुढे काय होतं, तू तर तिथेच होतीस. म्हणून मी गप्प बसले. पुढे तुम्ही मोठे झालात आणि त्या आवाजाला हसू लागलात. आपसात तशा आवाजात बोलू लागलात. प्रेमानेच हसायचा, ते मला दिसत होतं. बाबाही हसायचा. ज्या माणसाने कुणासाठी काटा हलू दिला नाही, तो माझ्यामुळे नातवंडांच्या घरी गमतीचा झाला.

त्या पट्ट्यांच्या फोननंतर मी मोठीला एवढंच सांगितलं की टेप पन्नासावर भरलेली आहे, तिला हळू कर. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"आजी, तू चुकतेस. टेपमध्ये मागे विजेची गुणगुण आहे ना, ती मी मोजली. ती एक्झॅक्ट सिक्स्टी आहे. इंडियात भरली असती तर फिफ्टी आली असती."

मी म्हणाले, अच्छा, विचार करून सांगते. मी इंग्रजीची शिक्षिका. दोन दिवस एका पाकिटाच्या मागे आकडे मांडत बसले. मग कळलं. गुणगुण सेकंदाला पन्नासच होती. पण त्या सेकंदात टेप जेवढी सरकायला हवी त्याच्या सहापैकी पाच भागच सरकली. पुऱ्या वेगाने लावली की ते पन्नास ठोके दाटून सेकंदाला साठ होतात. गुणगुण आणि मोटर दोन्ही एकाच तारेवर. दोघी मिळून खोटं बोलल्या तर पकडायचं कसं? विजेवर न चालणारी एखादी वस्तू हवी.

ती टेपमध्ये आहे. आमच्या भिंतीवर चावीचं लंबकाचं घड्याळ होतं. विजेवरची घड्याळं काट्याबरोबर मागे पडतात म्हणून आजोबांनी मुद्दाम तेच ठेवलं होतं. माझ्याकडे ते अजून चालतं. त्याची टिकटिक मी फोनवर दोन मिनिटं भरली आणि मोठीला पाठवली. टेपमधली टिकटिक बरोबर तेवढ्याच प्रमाणात जलद निघाली, आणि शेवटाकडे आणखी जलद होत गेली, कारण त्या संध्याकाळी काटा पडत होता. तिने टिकटिकीला टिकटिक जुळवून सगळा आवाज सरळ केला आणि मला पाठवला.

मी तो दुपारी ऐकला. खुर्ची खिडकीपाशी ओढली, दार लावलं. आवाज जड आहे, घोगरा आहे, सावकाश आहे. मोठीने विचारलं, "आजी, असेच बोलायचे का आजोबा?" मी तिला लिहिलं, हो.

खरं असं आहे की मला सांगता येत नाही. पाच वर्षं पाटी, आणि त्यानंतर इतकी वर्षं तो पातळ आवाज. माझ्या कानात आता दोन्ही आहेत, आणि मूळचा कोणता ते मी शपथेवर सांगू शकणार नाही. घड्याळ सांगतं की हाच. घड्याळावर मी विश्वास ठेवते.

वाक्य तिथेच तुटतं, "आणि तुमच्या आईला मी…" पुढचं मागू नका. ते ज्याला विचारायचं तो गेला, आणि जिला सांगितलं होतं तिने ऐकलं नाही. तुम्ही आईबाबांशी बोलत असता तेव्हा हातातलं खाली ठेवत जा, असा उपदेश मी करणार नाही. मी स्वतः अजून यादी हातात धरून बोलते.

येत्या वाढदिवसाला हा नवा लावा. आधीचा नऊ मिनिटांत संपायचा. याला अकरा लागतात. तेवढा वेळ बसा.